तबकड्या संगणकावर उतरवताना: यूएसबी टर्नटेबल, स्वतंत्र जुळणी की स्टुडिओ?

घरातल्या जुन्या ध्वनिमुद्रिका संगणकावर उतरवून घ्याव्यात असे मनात आले की पहिला प्रश्न बहुधा ‘कोणते यंत्र घ्यावे’ हा असतो. माझ्या मते त्याआधी पेटी उघडून आतल्या तबकड्या वेगवेगळ्या करून मोजाव्यात. मराठी घरांतल्या जुन्या संग्रहात तीन प्रकार एकत्र सापडतात: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या, जड आणि ठिसूळ तबकड्या, ज्यांवर नाट्यपदे आणि जुनी भावगीते आहेत, ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपी, आणि ३३ फेऱ्यांच्या एलपी. पेटीत फक्त एलपी आणि ईपी असतील तर निर्णय सोपा आहे. लाखेच्या तबकड्या असतील, तर यंत्र, सुई आणि तबकडी पुसण्याची रीतसुद्धा बदलते.

मोजणी करतानाच प्रत्येक मुद्रिका अधिकृतपणे डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहे का, तेही पाहून घ्यावे. कंपनीने मूळ टेपवरून काढलेली चांगली आवृत्ती मिळत असेल, तर घरच्या झिजलेल्या एलपीवरून केलेली नक्कल तिच्यापेक्षा सरस होणे कठीण. याउलट ७८ च्या कितीतरी तबकड्या पुन्हा कधी निघाल्याच नाहीत. श्रम आणि पैसा त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

पहिला पर्याय यूएसबी टर्नटेबलचा. तबकडी लावायची, तार संगणकाला जोडायची आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत ध्वनिमुद्रण सुरू करायचे, एवढेच त्यात करावे लागते. मात्र या नावाखाली फार वेगवेगळ्या प्रतीची यंत्रे विकली जातात. सुटकेसच्या आकाराच्या स्वस्त यंत्रांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरून तिच्या कंपनांचा विद्युत संकेत बनवणारा भाग) असते आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. चांगल्या यंत्रात एलपीवर साधारण दोन ग्रॅम भार पुरतो. दुसरी प्रत नसलेली एलपी सुटकेससारख्या स्वस्त यंत्रावर ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ऑडिओ-टेक्निकाचे एलपी६०एक्सयूएसबी हे मॉडेल बरे आणि वापरायला सोपे आहे, पण ते ३३ आणि ४५ याच गतींवर चालते. त्याच कंपनीच्या एलपी१२०एक्सयूएसबीमध्ये ७८ ची गती आहे, सुईचा भार कमी-जास्त करता येतो आणि सुई बदलता येते. त्याच्या यूएसबीतून १६ बिटचा ध्वनी मिळतो (बिट जितके जास्त, तितकी आवाजाची पातळी बारकाईने नोंदली जाते). ऐकण्यासाठी तो पुरेसा आहे, कारण तबकडीची स्वतःची खरखर १६ बिटच्या मर्यादेपेक्षा बरीच वरच्या पातळीवर असते. पण आवाजाची पातळी चुकली तर सावरायला जागा कमी उरते, आणि वरची तान एकदा फाटून मुद्रित झाली की ती दुरुस्त होत नाही.

दुसरा पर्याय स्वतंत्र जुळणीचा: टर्नटेबल, फोनो प्रीअँप आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजाचा संकेत संगणकासाठी अंकांत बदलणारे उपकरण. तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. फोनो प्रीअँप हा फरक उलटा करून स्वर पूर्ववत करतो आणि कार्ट्रिजमधून येणारा जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्टचा संकेत वापरण्याजोगा मोठा करतो. स्वर दाबण्या-चढवण्याचे हे प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरले. त्यापूर्वीच्या तबकड्यांत प्रत्येक कंपनीचे माप निराळे होते, त्यामुळे जुनी मुद्रिका नेहमीच्या प्रीअँपमधून काहीशी बोदट किंवा कर्कश वाटू शकते आणि तिचा तोल नंतर संगणकावर सुधारावा लागतो. इंटरफेस २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेऊन) मुद्रण करतो, त्यामुळे वर दहा-बारा डेसिबल जागा मोकळी ठेवून निर्धास्तपणे काम करता येते. तारा जास्त असतात आणि अर्थिंगची तार नीट न जोडल्यास ५० हर्ट्झची घरघर येते. पहिला आठवडा शिकण्यातच जातो. तरीही एखादा भाग बिघडला किंवा अपुरा वाटला तर तेवढाच बदलता येतो, हा या पर्यायाचा मोठा फायदा आहे.

या दोन्ही पर्यायांत सर्वांत महत्त्वाची वस्तू सुई आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन असते, तर ७८ च्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई ७८ वर ठेवली की ती खाचेच्या तळाशी, साठलेल्या कचऱ्यात घासत जाते, गाणे दूर राहते आणि खरखर पुढे येते. तबकडी खराब झाली आहे अशी समजूत होते, पण दोष सुईचा असतो. एलपी१२०एक्सयूएसबीसोबत येणाऱ्या व्हीएम९५ई कार्ट्रिजवर ७८ साठीची वेगळी सुई बसते. तिला सुमारे पाच ग्रॅम भार द्यावा लागतो, आणि रुंद खाचेसाठी तो योग्यच आहे. ७८ चे मुद्रण स्टिरिओत करून दोन्ही वाहिन्या नंतर एकत्र करून मोनो करावे. या तबकड्यांत गाणे खाचेच्या आडव्या हालचालीत असते, तर खरखरीचा बराच भाग उभ्या हालचालीत असतो, आणि तो एकत्रीकरणात आपोआप नाहीसा होतो. एका बाजूची भिंत फार झिजली असेल तर फक्त चांगली वाहिनी ठेवावी.

तिसरा पर्याय म्हणजे हे काम स्टुडिओकडे सोपवणे. वीस-पंचवीस मौल्यवान तबकड्या असतील आणि यंत्र घ्यायचे नसेल, तर तो योग्य ठरतो. मी स्वतः बारा नाट्यपदांच्या तबकड्या एका ठिकाणी दिल्या होत्या. परत मिळाल्या त्या फक्त एमपी३ फाइली, आणि त्यांतली खरखर इतक्या जोराने काढली होती की तिच्याबरोबर ऑर्गनची आस आणि गायकाचा श्वासही गेला होता. मूळ, न सुधारलेली फाइल त्यांनी ठेवलीच नव्हती. म्हणून तबकड्या देण्याआधीच विचारून घ्यावे: ७८ साठी कोणती सुई वापरता, कोणताही संस्कार न केलेली फाइल देणार का, आणि ती किती बिटची असेल? ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची अपेक्षा ठेवते, तेवढी मागणी आपणही करावी. लाखेच्या तबकड्या कुरिअरने पाठवू नयेत, स्वतः नेऊन द्याव्यात.

वेळेचा हिशेबही निर्णयाआधी मांडावा. शंभर एलपी प्रत्येकी ४० मिनिटांच्या धरल्या तर नुसते वाजवायलाच सुमारे ६७ तास लागतात. पुसणे, उलटणे, गाणी वेगळी करणे आणि नावे देणे यांत निदान तेवढेच आणखी जातात. साठवणीची मात्र चिंता नको. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक तास सुमारे दोन जीबी होतो आणि फ्लॅक स्वरूपात (यात दर्जा न घटता फाइल लहान होते) त्याहून बराच कमी.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत तबकड्यांवर बुरशी धरते, त्यामुळे पुसल्याखेरीज सुई लावूच नये. एलपीसाठी डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते.

फक्त एलपी-ईपी असतील आणि हेतू घरात ऐकण्याचा असेल, तर मी बदलता येणाऱ्या सुईचे यूएसबी टर्नटेबल घ्यायला सांगेन. ७८ च्या तबकड्या पन्नासाहून अधिक असतील तर स्वतंत्र जुळणीचा खर्च सार्थकी लागतो. तडे गेलेली किंवा फार झिजलेली तबकडी असेल, तर तेवढ्या एका कामासाठी जाणकाराकडे जावे. अशा जाणकारांचा पत्ता संग्राहकांच्या वर्तुळातून मिळतो. मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स त्यासाठी ओळखली जाते.

पर्याय कोणताही निवडला तरी प्रत्येक फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक लिहावा आणि लेबलचे छायाचित्र सोबत ठेवावे. खरखर काढायची असेल तर ती नेहमी नकलेवर काढावी. आणि संग्रहात अगदी सुरुवातीच्या काळातली तबकडी असेल, तर शेवटची शांतता कापण्याआधी ती पूर्ण ऐकावी. १९०२ साली कोलकात्यात भारतातली पहिली ग्रामोफोन मुद्रणे झाली, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून गायक गाणे संपल्यावर स्वतःचे नाव उच्चारत असत.