युरोस्टॅटचा डेटा ब्राउझर: आयर्लंड आणि फिनलंडचे कारखाने शेजारी ठेवून बघितले

भाचा मेकॅनिकल झालाय, मास्टर्सला आयर्लंड की फिनलंड यात अडकलाय. त्यानं कुठल्यातरी फुकट ग्राफवाल्या साइटवरचं कारखान्यांच्या उत्पादनाचं चित्र पाठवलं, आयर्लंडची रेष 2015 ला सरळ आभाळात आणि फिनलंडची आडवी, खाली ना युनिट ना तळटीप. "मामा हे बघ, ठरलं माझं." म्हणलं थांब जरा, आणि युरोस्टॅट, म्हणजे युरोपियन युनियनच्या सांख्यिकी कार्यालयाची साइट उघडली. दोन रविवार गेले पण चीज झालं.

सगळं फुकट, लॉगिन लागत नाही, एक्सेल लगेच उतरतं. नवे आकडे लक्झेंबर्गच्या सकाळी 11 ला येतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच किंवा साडेतीन.

पण निवड नीट करा. वर्गवारीत 'सी' म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग, 'बी ते डी' घेतलं की खाणी आणि वीजपण आत येते. मी आधी अनअ‍ॅडजस्टेड आकडे घेतले तर फिनलंड दर जुलैला खड्ड्यात, कारण तिकडं जुलैत निम्मा देश सुट्टीवर असतो, मग सीझनली अ‍ॅडजस्टेड म्हणजे दरवर्षीच्या ऋतू-सुट्ट्यांचा परिणाम काढलेले आकडे घेतले तेव्हा रेष वाचता यायला लागली. आणि इंडेक्समधे 2021 चं उत्पादन 100 धरतात, म्हणून त्या वर्षी दोन्ही देश 100 असतात, त्यावरून कोण मोठा ते कळत नाही, फक्त कोण किती बदलला ते कळतं. मोठं-लहान बघायचं तर नॅशनल अकाउंट्स म्हणजे देशाच्या हिशोबातला व्हॅल्यू अ‍ॅडेड, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल वगैरेचा खर्च वजा जाता उरतं ते, घ्या.

आता 2015. आयर्लंडचा जीडीपी त्या वर्षी 26 टक्के वाढला असं 2016 च्या जुलैत जाहीर झालं. अख्खा देश पुणे जिल्ह्याहून कमी लोकसंख्येचा, एका वर्षात एवढे कारखाने कुठून उभे राहणार? मोठ्या कंपन्यांनी पेटंट वगैरे मालमत्ता तिकडच्या कंपनीच्या नावावर हलवली, आणि चीनसारख्या ठिकाणी ठेका देऊन बनवलेला मालसुद्धा मालकी आयरिश कंपनीची म्हणून आयर्लंडच्या खात्यात लागतो. हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमातच ते बसतं, चोरी नाही, पण मालाला डब्लिनचा वारापण लागलेला नसतो. म्हणून तर त्यांच्या सांख्यिकी कार्यालयानं 2017 पासून असा फुगवटा काढलेला सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली. याचा अर्थ तिकडं खरं काही नाही असं मुळीच नाही हां, कॉर्कजवळ रिंगास्किडीत औषधांचे प्लांट आहेत, लेक्सलिपला इंटेलची फॅब म्हणजे चिपचा कारखाना आहे.

फिनलंडची रेष उलट. 2008 नंतरची घसरण खरीखुरी आहे, माणसांच्या नोकऱ्या गेलेली. नोकियाचा सालोचा कारखाना 2012 ला बंद, कायानीची पेपर मिल 2008 च्या शेवटी बंद. ते बघून मला खरंच वाईट वाटलं, गिरणगाव आठवतंच आपल्याला. पण वासा शहरात वार्टसिला कंपनीची इंजिनं आहेत, तुर्कूच्या गोदीत जगातली सगळ्यात मोठी क्रूझ जहाजं बनतात, आणि तिथं जे मोजलं जातं ते बरंचसं तिथंच बनलेलं असतं.

माझ्या दृष्टीनं या साइटचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे उत्पादनाच्या शेजारीच कामगारांची संख्या आणि कामाचे तास यांचेपण इंडेक्स मिळतात. उत्पादन उडालं आणि तास जागच्या जागी असतील तर लगेच शंका घ्या. मी तर म्हणेन आयर्लंडचा एकही ग्राफ याच्याशिवाय वाचू नये.

5 पैकी साडेचार. अर्धा कापला कारण इंग्लिश, जर्मन, फ्रेंचच आहे आणि नवख्याला कुठला तक्ता उघडायचा ते पटकन सापडत नाही. छोट्या देशात बऱ्याच रकान्यांत नुसता कोलन दिसतो, त्याला शून्य समजू नका, आकडा उपलब्ध नाही असा त्याचा अर्थ.

भाच्याला सगळं पाठवलं. अजून ठरवलं नाहीये त्यानं, पण परवा फोन करून विचारत होता, "मामा, औषधं आणि मशिनरी वेगवेगळी काढून तास दाखवता येतील का?" येतात, वर्गवारीत औषधांसाठी 21 आणि मशिनरीसाठी 28 नंबर निवडायचे.