जबड्याची रेघ, चौदा हजार आणि डेंग्यूनंतरचा फोटो

इन्स्टाग्रामवर एका 'फेस कोच'च्या जाहिरातीत माझ्या भाच्याचे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले आहेत. 'आधी'मध्ये गुबगुबीत गाल, 'नंतर'मध्ये जबड्याची कड अगदी उठून दिसतेय. खाली लिहिलंय, फक्त जिभेच्या सवयीने. खरं कारण डेंग्यू. पावसाळ्यात पोराला सलाईनवर ठेवावं लागलं होतं आणि वजन भसाभस उतरलं होतं. तो घरी आल्यावर या कोचने 'प्रोग्रेस फोटो' मागवला आणि तोच उचलून लावला.

माझा लालबागला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, गणपतीत मंडळाचं काम. त्यामुळे इथे औषधापेक्षा फोटोबद्दल जास्त बोलणार आहे.

ज्यांच्या घरी वयात येणारी मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: जीभ अख्खी टाळूला चिकटवून ठेवायची, ओठ मिटलेले, दात हलके टेकलेले, श्वास नाकाने. याला पोरं म्यूइंग म्हणतात. वर्गात काही विचारलं की बोलायचं नाही, जबड्यावरून बोट फिरवायचं, तो प्रकार हाच. नाव पडलं इंग्लंडमधल्या जॉन म्यू आणि माइक म्यू या बापलेकांवरून. दोघंही दंतवैद्य. ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलने वडिलांना २०१७ मध्ये आणि मुलाला २०२४ मध्ये नोंदणीतून काढलं. हे कोचच्या वेबिनारमध्ये कोणी सांगत नाही. तिथे 'लंडनचं संशोधन' एवढंच ऐकवतात.

आमचा भाचा बारावीत, वय सतरा. आधी फुकट वेबिनार, मग दादरला एका हॉलमध्ये सेमिनार, आणि तिथे "भावा, आज भरलेस तर चौदा हजार, उद्यापासून बावीस." आजीने दहावीच्या निकालाला दिलेले आणि साठवलेले पैसे त्यात गेले. वर जबड्याच्या व्यायामासाठी चावायचा सिलिकॉनचा गोळा आणि रबरासारखं कडक च्युइंगगम वेगळं विकत. ताईला कळलं तेव्हा पोराचा जबडा जांभई देताना कटकट वाजायला लागला होता.

त्या जाहिरातीतले बाकीचे फोटो मी स्टुडिओत मोठे करून पाहिले. 'आधी'चे सगळे सेल्फी. फोन हातभर अंतरावर, समोरून ट्यूबलाइट, मान किंचित पुढे झुकलेली. 'नंतर'चे कोणीतरी दुसऱ्याने चार-पाच फुटांवरून झूम करून काढलेले, उजेड वरून आणि बाजूने, म्हणजे जबड्याखाली आपोआप सावली पडते. अंतराने काय फरक पडतो हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये गणितही मांडलं होतं: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत पुरुषाचं नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आणि जीभ टाळूला दाबली की हनुवटीखालचा मऊ भाग त्या क्षणी वर ओढला जातो. सोडली की परत खाली. मी आमच्या दुकानातल्या पोऱ्याचे असे दोन फोटो एकाच दुपारी काढून भाच्याला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हा तर कोर्स पण नाही केला."

जबडा वाजतो म्हणून सरकारी दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत नेलं. तिथल्या बाईंनी फार चांगलं समजावलं. वरच्या जबड्याचे दोन भाग मधोमध एका सांध्याने जोडलेले असतात. लहानपणी तिथे तारेचं, स्क्रूचं उपकरण बसवून जबडा रुंद करता येतो. वाढ संपत आली की तो सांधा घट्ट होतो, मोठ्या माणसात कधी कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. जिभेच्या दाबाने तिथे हाड सरकेल आणि चेहरा बदलेल याला पुरावा नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सनेही २०२४ मध्ये हेच म्हटलंय. जिभेचे व्यायाम म्हणजे सगळं थोतांड नव्हे, हेही त्या म्हणाल्या. गिळताना जीभ दातांवर ढकलणारी मुलं, झोपेत श्वास अडकणारे काही रुग्ण, त्यांना तपासून असे व्यायाम देतात. चेहरा देखणा व्हावा म्हणून नाही. च्युइंगगम त्यांनी त्याच दिवशी बंद करायला लावलं.

मला या धंद्यातली सगळ्यात चलाख गोष्ट वाटली ती वेगळीच. तोंड मिटलेलं असताना जीभ कुठे आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. त्यामुळे फरक पडला नाही की उत्तर तयार: तू नीट करत नाहीस, जिभेचं मूळ वर जात नाही, अजून दोन वर्षं दे. आणि दोन वर्षांत सतरा वर्षांच्या पोराचा चेहरा तसाही बदलतोच, दाढी येते, गालांवरचं बाळसं जातं. तेही श्रेय कोचचंच.

पैसे मागितल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि 'नो रिफंड'ची अट पाठवली. फोटो वापरायची 'संमती'ही त्याच फॉर्मवर टिक करून घेतलेली. ताईने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर गोळ्याचे आणि च्युइंगगमचे पैसे परत आले, कोर्सचे नाहीत. म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. आमचा मुख्य मुद्दा वयाचा आहे: १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने केलेला करार ग्राह्य धरला जात नाही, मग त्याने टिक केलेली अट कसली दाखवता?

कोणाच्या घरी असंच झालं असेल तर यूपीआयच्या पावत्या, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट ग्रुपमधून काढायच्या आत घेऊन ठेवा. आमचे निम्मे चॅट हातचे गेले. हे लोक स्वतःला डॉक्टर म्हणवत नाहीत, 'मेंटॉर' म्हणवतात, त्यामुळे डेंटल कौन्सिलकडे जाऊन हाती फार काही लागत नाही. तक्रार ग्राहक म्हणूनच करा, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर जन्मदाखल्याची प्रत पहिल्याच अर्जाला जोडा.