मोहल्ल्यातला जकात कक्ष: एक अनुभव

रत्नागिरीत आमच्या जमातीने रमजानपुरता उघडलेल्या जकात कक्षात यंदा जकातीचा, म्हणजे बचतीतून द्यायच्या अनिवार्य दानाचा, हिशोब करून घेतला. 20 मिस्काल सोने किंवा 200 दिरहम चांदी (मिस्काल आणि दिरहम ही जुनी वजने) हा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, त्या दिवशीच्या भावाने रुपयांत मांडून, चांद्र वर्षभर टिकलेल्या बचतीवर त्यांनी अडीच टक्के काढले. पत्नीच्या रोजच्या वापरातल्या बांगड्या मात्र वगळल्या, कारण आम्ही कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई या सुन्नी विचारशाखेचे आणि त्या मतानुसार अशा दागिन्यांवर जकात नाही. (मुंबईच्या हनफी, म्हणजे दुसऱ्या शाखेच्या, शेजाऱ्याला हे पटणार नाही.) फित्र्याचा (रमजानअखेर गरिबांना द्यायच्या दानाचा) तांदूळ माणशी एक साअ, म्हणजे धान्याचे एक जुने माप, तागडीत तोलून, ईदच्या नमाजाआधीच पोहोचवला. पावतीवर मात्र रक्कम कुराणातील जकातीच्या आठ हक्कदार गटांपैकी कोणाला गेली, याची नोंद नव्हती. विचारल्यावर ती हाताने लिहून मिळाली.