मेडिकेअरचा प्लॅन फाइंडर: आधी पत्ता, मग योजना
मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतील पासष्टीपुढच्या नागरिकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. त्याच्या सरकारी संकेतस्थळावर असलेला, योजना शोधून देणारा ‘प्लॅन फाइंडर’ सुरुवातीलाच झिप कोड विचारतो, आणि ते योग्यच आहे, कारण खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना काउंटीनुसार, म्हणजे जिल्ह्यानुसार, बदलतात. नियमित औषधांची नावे, मात्रा आणि पसंतीची औषधदुकाने भरली की हप्ता आणि औषधे मिळून वर्षाचा अंदाजे खर्च समोर येतो. माझ्या मते या सेवेचे खरे मोल इथेच आहे, कारण शून्य हप्त्याची योजना कधीकधी औषधांतच महाग पडते. आपले डॉक्टर योजनेच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे तिच्याशी करार असलेल्या डॉक्टरांत, आहेत का, हे मात्र दवाखान्यात फोन करून विचारलेलेच बरे. हिवाळा दुसऱ्या राज्यात मुलांकडे काढणाऱ्यांना सरकार थेट चालवते ते मूळ मेडिकेअर अधिक सोयीचे, कारण ते स्वीकारणारा देशातला कोणताही डॉक्टर चालतो. पण त्यात वार्षिक खर्चाला कमाल मर्यादा नसल्याने मेडिगॅपची, म्हणजे उरलेला खर्च उचलणाऱ्या खासगी पूरक विम्याची, जोड लागते, आणि ती पासष्टीनंतर पार्ट बी (मूळ मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत घ्यावी, एरवी बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृतीचे कारण दाखवून नकार देऊ शकते. योजना बदलण्याची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. योजनेच्या क्षेत्राबाहेर घर हलवल्यास वेगळी मुदत मिळते.