हतनूर की मेहरूण? पक्षी बघायला एकच रविवार हाताशी असेल तर

पहाटे पाचला मोटारसायकल काढायची तयारी असेल, तरच हतनूर धरणाचं नाव काढा. मागच्या थंडीत आम्ही जळगावहून आरामात चहा-पोहे करून निघालो आणि दहाच्या पुढे बॅकवॉटरला टेकलो. ऊन समोरून, पाण्यावर चकाकी, आणि बदकं म्हणजे लांबवर सांडलेली मोहरी. दुर्बीण होती, तरी नर कुठला, मादी कुठली, काही कळेना.

त्याच पाण्यावर सकाळी सातला, सूर्य पाठीशी ठेवून उभं राहिलात तर गोष्टच वेगळी. तापी-पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवच्या बाजूला, काठावर चक्रवाक बदकाची जोडी दिसते. अंग नारिंगी, डोकं फिकट, आणि उडताना पंखांवरचा पांढरा पट्टा असा उघडतो की दुर्बीण लागतच नाही. हा पक्षी लडाख-तिबेटकडून आलेला. तलवार बदक, थापट्या, लालसरी ही बदकं मात्र आत, काठापासून लांब असतात. त्यांच्यासाठी ट्रायपॉडवरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण हवी, निदान ती असलेला मित्र तरी.

मेहरूण तलाव जळगाव शहरातच. रिक्षाने जा, नऊला घरी या. गर्दी, फिरायला आलेली माणसं, मोबाइलवरची गाणी हे सगळं सोसावं लागतं. पण माणसांची सवय झाल्यामुळे पक्षी जवळ येऊ देतात, आणि नवख्याला तेच हवं असतं. वारकरी हा पाणपक्षी, म्हणजे काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, इथे सावकाश न्याहाळता येतो. टिबुकली बुडी मारते, ती नेमकी कुठे वर येईल यावर पोरं पैज लावतात. काठावर धोबी शेपूट हलवत फिरतो. हतनूरला दिसतील तेवढ्या जाती इथे नाहीत, हे खरं.

म्हणून पहिल्यांदाच जाणार असाल, सोबत लहान मुलं असतील, तर मेहरूणच. दोन-तीन सकाळी तिथे डोळा तयार करा, मग हतनूर. स्वतःची गाडी आणि चांगली दुर्बीण आधीच असेल तर थेट हतनूरला जा, डिसेंबर-जानेवारीत.

दोन्ही नकोत? मग दादरीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेताच्या बांधावर उभे राहा. भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे दाण्यावर उतरतात. शेतकरी त्यांना शिव्या घालतो, पण अळ्या-टोळ खातात तेव्हा कौतुकही तोच करतो. केळीच्या बागेत मात्र फार काही हाती लागत नाही.

रान पिंगळा या दुर्मिळ, छोट्या घुबडासाठी शहादा-तोरणमाळकडे जायचं असेल, तर तो बेत वेगळा करा. 1884 नंतर थेट 1997 मध्ये शहाद्याजवळच पुन्हा सापडलेला हा पक्षी स्थलांतर करत नाही, त्यामुळे थंडी सरली म्हणून तो हुकत नाही. चक्रवाक मात्र उन्हं तापायला लागली की निघून जातो.