सिडनी ऑपेरा हाऊस: एक तासाची टूर घ्यावी की सकाळी सातची बॅकस्टेज?

जळगाव-भुसावळकडची बरीच मंडळी हल्ली मुलाकडे नाहीतर लेकीकडे सिडनीला जाऊन येतात, आणि निघायच्या आधी कुणीतरी विचारतंच की भाऊ, ऑपेरा हाऊसची साधी टूर करू का बॅकस्टेजवाली. मी दोन्ही केल्यात म्हणून लिहितोय. ते पांढरं छप्पर, त्याच्यावरच्या दहा लाखांवर टाइल्स, १९६६ ला काम सोडून गेलेला आणि पुरी झालेली इमारत पाहायला कधीच न आलेला आर्किटेक्ट उत्झन, हे सगळं यूट्यूबवर आहे, ते सोडून देतो.

साधी टूर वाईट नाही हं. दिवसभर सुरू असते, तासाभरात मोकळे, खिशाला पण झेपते. मोठा कॉन्सर्ट हॉल २०२२ ला नव्यानं उघडला, स्टेजच्या वर आता राणी रंगाच्या मोठ्या पाकळ्या टांगल्यात, आवाज वर छताकडे हरवू नये, वादकांना एकमेकांचं नीट ऐकू यावं म्हणून. मागे ऑर्गन, त्याला दहा हजारांवर पाइप. ऑर्केस्ट्रा वाजत असताना हॉलचं तापमान २२.५ डिग्रीला धरून ठेवतात, नाहीतर वाद्यं उतरतात, आणि त्या कूलिंगला बंदराचंच पाणी वापरतात. मे महिन्यात आपल्याकडे गाण्याच्या कार्यक्रमात दर दहा मिनिटांनी तबल्यावर हातोडी ठोकणारा माणूस ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच पटेल.

पण माझं डोकं उठलं ते मोबाईलमुळे. वीस-पंचवीस जणांचा घोळका आणि प्रत्येकाचा हात वर. गाइड बिचारी पाकळ्यांबद्दल काहीतरी छान सांगत होती आणि माझ्या पुढच्या काकू घरी व्हिडिओ कॉल लावून "दिसतंय का, आता दिसतंय का, अगं तू म्यूट आहेस" एवढंच बोलत होत्या, मागून कुणीतरी म्हणतंय जरा सरका फ्रेममध्ये येताय, मग सगळ्यांचे फोटो होईस्तोवर थांबा, की झाली पुढे चालायची वेळ. हॉलमध्ये बसून दोन मिनिटं नुसतं वर बघायचं होतं, तेवढं पण जमलं नाही. कदाचित आमचाच घोळका तसा असेल, तुमचा शांत निघू शकतो.

बॅकस्टेजला जायचं ठरलं तेव्हा आमच्या मामी म्हणाल्या, "इतली सकाये तठे काय देखानं?" प्रश्न रास्त आहे, सातला सुरू होते म्हणजे घरून अंधारात निघायचं. अडीच तास चालायचं, पायऱ्या जवळपास तीनशे, दहा वर्षांखालची पोरं नेता येत नाहीत, तिकीट कितीतरी पट महाग. आणि आत बऱ्याच जागी फोटोला मनाई, सेट आणि डिझाइनच्या कॉपीराइटमुळे. बऱ्याच जणांना हा तोटा वाटतो, ग्रुपवर टाकायला काय मिळणार म्हणून. मला तर तेच आवडलं. फोन खिशात गेले आणि माणसं बघायला लागली.

मी राज्य नाट्य स्पर्धेला नेपथ्य सांभाळलेला माणूस, टेम्पोतून फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी उतरवून खांद्यावर विंगेत नेलेला, त्यामुळे माझं जरा वेगळं असेल. तिथे ऑपेराच्या थिएटरला विंगाच जेमतेम. कारण ऑपेरा आधी मोठ्या हॉलमध्ये व्हायचा होता, साठच्या दशकात ठरलं की मोठा हॉल ऑर्केस्ट्राला द्यायचा, मग तिथे बसवलेली स्टेजची मशिनरी काढून टाकली आणि ऑपेरा गेला धाकट्या थिएटरात. म्हणजे अर्धं बांधून झाल्यावर बेत बदलायचा हे फक्त आपल्याचकडे होतं असं नाही. बाजूला जागा नाही म्हणून सेट खालून लिफ्टनं वर येतो, ट्रक पण जमिनीखालीच लागतात.

तिथला ऑर्केस्ट्राचा पिट, म्हणजे वादक बसतात तो खड्डा, बराचसा स्टेजच्या खाली सरकलेला, त्यावर एक जाळी लावलीय. ऐंशीच्या दशकात एका ऑपेरात जिवंत कोंबड्या होत्या, त्यातली एक चालत चालत काठावर आली आणि खाली चेलो वाजवणाऱ्याच्या अंगावर पडली, तेव्हापासून ही जाळी. त्या जाळीखाली उभं राहून वर पाहिलं, नोटेशनच्या स्टँडला लावलेला बोटभर दिवा, कागदावर पेन्सिलीच्या खुणा, असं जवळून बघायला मिळालं. नाश्ता ग्रीन रूममध्ये, जिथे कलाकार खातात तिथेच. चव आपल्या तोंडची नाही, पण मी काय तिथे भरीत-पुरी खायला गेलो नव्हतो.

सोबत लहान मूल असेल किंवा आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर साधीच करा, उगाच ओढाताण नको. दोघंच असाल आणि नाटक-गाण्याची थोडी जरी आवड असेल तर मी म्हणेन एखादी खरेदी कमी करा पण सातची घ्या. बूट सपाट, बंद घाला, सँडल नको. आणि बुकिंग करतानाच शाकाहारी आहोत असं कळवून ठेवा.