सायलेंट हंटर ३: जहाज बुडवण्यापेक्षा सटकण्यातच खरी मजा

गेम २००५ चा आहे, ग्राफिक्स बघून नाक मुरडाल हे आधीच सांगतो. पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटीवर (म्हणजे पाणबुडीवर) बसायचे जेवढे गेम खेळलोय त्यात टॉर्पेडो सोडल्यानंतरचा तासभर याच्याइतका भारी दुसऱ्या कशातच नाही. जहाज बुडवणं तसं सोपंय हो, ऑटो टार्गेटिंग चालू ठेवलं तर पोरगंसोरगंही बुडवेल. खरी कसोटी एस्कॉर्ट, म्हणजे मालवाहू जहाजांची राखण करणारी युद्धनौका, तुमच्या दिशेने वळला की सुरू होते.

आधी स्पीडचं गणित बघा. टाइप सेव्हन-सी बोट पाण्यावर १७.७ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पळते, पाण्याखाली जेमतेम ७.६ आणि तेही बॅटरी आहे तोवर. ब्रिटिशांची फ्लॉवर क्लास कॉर्वेट, म्हणजे छोटी एस्कॉर्ट नौका, १६ नॉटची. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत अंधाऱ्या रात्री पाण्यावर असाल तर कॉर्वेटला चक्क मागे टाकून पळता येतं, मी तर बिनधास्त तेच करतो. डिस्ट्रॉयर मात्र ३० च्या वर जातो, तिथे ही हुशारी चालत नाही. आणि पुढे त्यांच्याकडे चांगलं रडार आलं की रात्रीचाही उपयोग उरत नाही, मग डुबकी मारायची आणि चिडीचूप.

खाली गेल्यावर नवखा माणूस फुल स्पीडने लांब पळायला बघतो आणि तिथेच मार खातो, कारण तुमच्या पंख्यांचा आवाज वरचा हायड्रोफोनवाला (पाण्याखालचे आवाज टिपायच्या यंत्रावर बसलेला माणूस) निवांत ऐकत असतो. सायलेंट रनिंग लावा, स्पीड २ नॉटवर आणा, १५० मीटरच्या खाली जा, आणि महत्त्वाचं म्हणजे शेपूट त्याच्याकडे करा. बोट आडवी धरलीत तर अ‍ॅसडिकच्या (ब्रिटिशांचा सोनार, आवाज सोडून प्रतिध्वनीवरून शोधतो) पिंगला भिंतीएवढी जागा मिळते, शेपूट दाखवलंत तर अगदी थोडी. गेममध्ये हे नीट धरलंय. पण सायलेंट रनिंगमध्ये टॉर्पेडो भरणं आणि दुरुस्ती दोन्ही बंद, त्यामुळे पुढच्या खोलीत पाणी शिरतंय आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलाय असलेही प्रसंग येतात.

हेडफोन लावूनच खेळा. आधी लांबून पिंग, मग बोटीच्या अंगावर टणटण, मग पंख्यांची घरघर डोक्यावर येते, आणि जर्मन आवाज ठेवला असेल तर कोणीतरी ओरडतं, वासरबोंबेन! म्हणजे पाणबुडीवर टाकायचे स्फोटकांचे ड्रम आले. हीच ती वेळ. अ‍ॅसडिकचा झोत पुढे तिरका जातो, त्यामुळे जहाज अगदी डोक्यावर आलं की त्याला तुम्ही दिसेनासे होता, आणि जितके खोल तितके लवकर. ड्रम साधारण सेकंदाला ३ मीटरने खाली येतात, म्हणजे १५० मीटरला पोचायला पन्नासेक सेकंद. तेवढ्यात फुल स्पीड द्यायचा, रडर (सुकाणू) पूर्ण एका बाजूला, आणि धडाधड फुटायला लागले की त्या गोंगाटात वरच्यालाही काही ऐकू येत नाही म्हणून अजून थोडं पळून घ्यायचं. आवाज विरायच्या आत परत २ नॉट. कधी उजवीकडे वळायचं, कधी डावीकडे, एकच बाजू धरलीत तर संपलात. २०० मीटरच्या खाली हल, म्हणजे बोटीचं कवच, करकरायला लागतो, तेव्हा भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

एकटा एस्कॉर्ट असेल तर बहुतेक वेळा सुटता, दोघं-तिघं आले की पार वाट लागते. एक वरून ड्रम टाकतो, दुसरा लांब थांबून ऐकत बसतो. ब्रिटिशांच्या कॅप्टन वॉकरने खऱ्या युद्धात असंच केलं, एकाने लांबून पत्ता धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने हळूच डोक्यावर सरकायचं. त्यात हेजहॉग हे शस्त्र आलं की विचारूच नका, २४ बॉम्ब पुढे फेकतो आणि ते आदळले तरच फुटतात, म्हणजे नेम चुकला तर ज्या गोंगाटाआड लपायचं तो गोंगाटच नाही. बोल्ड नावाचा बुडबुडे सोडणारा डबा मिळतो, त्याने कधी गंडतात कधी नाही. १९४३ नंतरचं करिअर म्हणजे जीव मुठीत धरूनच. त्या वर्षी एकट्या मे महिन्यात जर्मनांच्या चाळीसच्या वर बोटी गेल्या, त्यामुळे गेम अवघड केलाय अशी तक्रार करायला तोंड नाही.

तक्रारी दुसऱ्याच आहेत. क्रूचा थकवा हा प्रकार डोक्याला ताप, सारखं माणसं इकडून तिकडे ओढत बसा. रेझोल्यूशन १०२४ बाय ७६८ ला अडकलेलं, मोठ्या मॉनिटरवर ओंगळ दिसतं. कॉन्वॉयच्या (मालवाहू जहाजांच्या ताफ्याच्या) जवळ किंवा पाण्याखाली सेव्ह करू नका, लोड केल्यावर काहीही होऊ शकतं. बाहेरचा कॅमेरा पण बंद ठेवा, वरचं जहाज कुठे वळतंय ते दिसलं की सगळी भीतीच जाते.

आधी मूळ गेम खेळा, १९४२ पर्यंत जिवंत राहिलात तर मग ग्रे वुल्व्ज हा मॉड (चाहत्यांनी बनवलेली गेममधली भर) टाका. तो फुकट आहे आणि त्यातले एस्कॉर्ट जास्त चिवट आहेत, सहजासहजी सोडून जात नाहीत. धडाधड गोळीबार हवा असणाऱ्यांनी हा घेऊच नये, दहा मिनिटांत कंटाळतील. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या थकव्याच्या नावाने कापला.